स्वस्तातली फेल्ट हॅट घ्यावी का? (फेडोरा वगैरे)

ऊनसावली

मंडळी, धागा डोक्यावरचा आहे. खरं तर डोक्यावर जे उरलं नाही त्याच्यामुळे काढलाय. पंचेचाळिशीत पाऊल टाकलं आणि केसांनी रामराम ठोकला. सकाळी पर्वती चढून उतरेपर्यंत टाळू तापते आणि थंडीत तीच टाळू गार पडते. सध्या एका सिमेंटवाल्याने फुकट दिलेली टोपी घालतो. हिने परवा सरळ सांगितलं, "ही घालून माझ्याबरोबर चालायचं नाही."

डिसेंबरात पचमढीला जायचं ठरलंय. तेवढ्या निमित्ताने एखादी धड हॅट घ्यावी असं मनात आहे. फेडोरा म्हणतात ती, वर खाच, पुढे दोन बाजूंनी चिमटा काढल्यासारखी, भोवती रिबन. ऑनलाइन पाहिलं तर पाचशेपासून दीड हजारापर्यंत ढीगभर आहेत, सगळ्यांवर 'वूल फेल्ट' लिहिलेलं. त्यानंतर एकदम उडी, नऊ-दहा हजार. मधलं काहीच दिसत नाही.

प्रश्न दोन. हजारभराची घेतली तर पैसे पाण्यात जातील का? आणि मी त्यात बावळट दिसेन का? दुसऱ्याचं उत्तर सौम्य शब्दांत द्यावं.

काडीपेटी

पहिल्याचं माहीत नाही, दुसऱ्याचं उत्तर 'हो'.

हॅट घातलेला मराठी माणूस एक तर निवृत्त कर्नल वाटतो, नाही तर लग्नातला फोटोग्राफर. सुती गोल टोपी घ्या, दोनशे रुपयांत काम होतं, धुताही येते.

हातमागी

काडीपेटी नेहमीप्रमाणे काडी टाकून गेले. मी इचलकरंजीत कापडाच्या धंद्यात आहे, हॅट विकत नाही, पण फेल्ट म्हणजे काय ते जरा सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

फेल्ट विणलेलं नसतं. त्याला ताणा नाही, बाणा नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओल, उष्णता आणि घासणं या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ते खवले एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. तुमचा लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला गेला आणि लहान मुलाच्या मापाचा झाला, तर तुम्ही घरच्या घरी फेल्टच केलंय. आमच्या कोल्हापूरकडे पिंजारी लोक जेन करायचे, ते हेच. लोकर पिंजून थर लावायचा, पाणी शिंपडायचं, गुंडाळायचं आणि लाटत राहायचं. आजीच्या घरी पाहुण्याला बसायला जेन अंथरलेलं असायचं, खाली घोंगडं. घोंगडं विणलेलं, जेन दाबलेलं. हॅटचं फेल्ट जेनाचंच चुलत भावंड, फक्त पातळ आणि साच्यावर ओढून बसवलेलं.

आता बाजारात 'फेल्ट' या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात.

पहिली पॉलिस्टर. शाळेत हस्तकलेला जे रंगीत फेल्ट आणतो तेच, जरा जाड. याला खवले नसतात, सुयांनी टोचून किंवा चिकटवून एकत्र धरलेलं असतं. वाफ दिली तरी आकार घेत नाही, आणि एकदा मोडली की कागदासारखी मोडते. पाचशेच्या आतल्या बहुतेक या.

दुसरी मेंढीच्या लोकरीची. तुमच्या हजार-दीड हजारात ही खरोखर मिळू शकते.

तिसरी सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांची. वरचे राठ केस काढून आतली मऊ लव तेवढी वापरतात. ती लव लोकरीपेक्षा बारीक, म्हणून फेल्ट पातळ होतं, हलकं होतं आणि तरी घट्ट राहतं. पाऊसही बऱ्यापैकी झेलते. नऊ-दहा हजारांची उडी दिसतेय ती याच्यामुळे.

पहिली-दुसरीतला फरक ओळखायचा तर आतल्या घामपट्टीखालून चिमूटभर तंतू उपटा आणि चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चुरडून राख झाली, तर लोकर. वितळून काळा मणी झाला, तर परत पाठवा. लेबलवर जाऊ नका.

पावसाळी बेडूक

हातमागी, हे चार वर्षांपूर्वी कुठे होता?

मी दादरची. फोर्टात एका पदपथावरच्या विक्रेत्याकडून सातशेला करडी फेडोरा घेतली. लोकरीचीच होती, आता कळतंय. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चर्चगेटहून निघाले, छत्री ऑफिसात, डोक्यावर हॅट, मनात म्हटलं आपण आज सिनेमातल्यासारख्या. मरीन लाइन्स येईपर्यंत कड दोन्ही कानांवर लोंबत होती. घरी आल्यावर आईने भल्या बुद्धीने ती गॅसच्या शेगडीजवळ वाळत ठेवली. दुसऱ्या दिवशी ती माझ्या भाच्याला बसली. भाचा तेव्हा सहा वर्षांचा.

म्हणजे गरम, ओलं आणि घासणं. तिन्ही पुरवलं आम्ही.

हातमागी

@पावसाळी बेडूक, अगदी तेच झालं. स्वस्त लोकरीच्या हॅटला ताठपणा यायला पाण्यात विरघळणारी खळ लावलेली असते. पाऊस पडला की खळ जाते. पूर्वी चांगल्या हॅटला लाखेची खळ असे, आणि लाख पाण्यात विरघळत नाही. गंमत म्हणजे ही लाख मुख्यतः भारतातली. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याची. झारखंड, छत्तीसगड ही त्याची मोठी ठिकाणं. रांचीजवळ नामकूमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ सालीच सुरू झाली होती. लंडनमधल्या साहेबाची बोलर हॅट डोक्यावर टणक राहायची ती आपल्याकडच्या किड्यांच्या जिवावर.

काडीपेटी

थोडक्यात, पावसात चालत नाही, उन्हाळ्यात डोकं शिजतं, स्वस्त घेतली तर आकसते. आणि अजून 'घ्यावी का' विचारताय?

सिडनीतला सातारकर

काडीपेटीशेठ, तुमचं म्हणणं सातारा-पुण्यापुरतं ठीक. इकडे हॅट हा शौक नाही. मुलीच्या शाळेत नियमच आहे, 'नो हॅट, नो प्ले'. हॅट विसरली तर मधल्या सुट्टीत सावलीत बसून राहायचं. ऊन कातडी जाळतं, कातडीचा कर्करोग इथे घरोघरी माहीत असलेला आजार आहे.

मी आधी तिकडून आणलेल्या दोन स्वस्त हॅट वापरून पाहिल्या. दोन वर्षांत दोन्ही गेल्या. मग दोनशे डॉलरच्या आसपास एक अकुब्रा घेतली. न्यू साउथ वेल्समध्ये केंप्सी गावात बनते, सशाच्या लवेची. ससे इथे उपद्रवी समजतात, शेतकरी त्यांच्या नावाने बोटं मोडतो. हॅट घेऊन सात वर्षं झाली. पाऊस, वारा, गाडीच्या डिकीत पडून राहणं, सगळं सोसलं तिने. उलट जरा मळली तशी आणखी चांगली दिसते.

हिशोब करा. दोन वर्षांत दोन स्वस्त गेल्या, ही सात वर्षं चालू आहे. मला महाग तीच स्वस्त पडली.

शाकाहारी वाघ

सशाच्या लवेची हॅट घालून वर हिशोब मांडायचा. धन्य.

सिडनीतला सातारकर

चामड्याच्या चपला घालता का आपण?

शाकाहारी वाघ

नाही घालत. कापडी घालतो. पुढे बोला.

हातमागी

वाघोबा, माणसांनीही भोगलंय यात. सशाचे केस फेल्ट व्हायला तयार नसतात, म्हणून कारखान्यात त्यांना पाऱ्याचं रसायन लावत. टोकं गाजरासारखी नारिंगी होत. वाफेबरोबर पारा कारागिरांच्या फुप्फुसात. हात थरथरायचे, दात पडायचे, माणूस चिडखोर, भित्रा व्हायचा. अमेरिकेत डॅनबरी हे हॅटचं मोठं गाव, तिथे या थरथरीला गावाचंच नाव पडलं होतं. ती पद्धत तिथे बंद झाली १९४१ साली. लोकरीच्या हॅटला हे लागतच नाही, कारण खवले आधीच चांगले असतात. तेव्हा स्वस्त हॅटच्या बाजूने एवढं तरी म्हणता येईल.

खेडकर

अवांतर, पण राहवत नाही.

काडीपेटी म्हणतात हॅट घातलेला आपला माणूस कर्नल वाटतो. भारतात सगळ्यात जास्त भिंतींवर लागलेली हॅट कुणाची? भगतसिंगांची. तो फोटो एप्रिल १९२९ च्या सुरुवातीला दिल्लीत काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत काढलेला, असेंब्लीत बाँब टाकण्याच्या काही दिवस आधी. त्याआधी डिसेंबर १९२८ मध्ये साँडर्सच्या वधानंतर लाहोरहून निसटायचं होतं, तेव्हाही त्यांनी साहेबी वेश केला होता. दुर्गाभाभी पत्नी म्हणून बरोबर, कडेवर त्यांचा छोटा मुलगा, आणि सामान उचलणारा नोकर म्हणून आमच्या खेडचे राजगुरू. गाडी पोलिसांच्या नाकासमोरून निघाली.

त्या वेळी फेल्ट हॅट म्हणजे 'याला अडवू नका' असा शिक्का होता. म्हणून ती उपयोगाची. आमच्या गावात राजगुरूंच्या वाड्यात गेलं की मला नेहमी तो प्रवास आठवतो. एकाच्या डोक्यावर हॅट आणि दुसऱ्याच्या डोक्यावर वळकटी.

काडीपेटी

हे मान्य. हॅट मागे घेतो. म्हणजे शब्द मागे घेतो.

दर्यावर्दी

गोव्यात हॅटला चेपें म्हणतात, पोर्तुगीज शापेवचंच रूप. आमच्या शेजारचे आजोबा रविवारी मिसाला काळी फेल्टची चेपें घालून जायचे आणि देवळात (म्हणजे इगर्जीत) शिरताना काढून छातीशी धरायचे. धरायचे मात्र कडेला, वरच्या चिमट्याला कधीच नाही. लहानपणी वाटायचं, काहीतरी धार्मिक असेल. नंतर कळलं, रोज चिमट्यात धरून काढली की तिथेच फेल्ट चिरतं. आजोबांची ती हॅट त्यांच्यानंतर मुलाने वापरली.

पोर्तुगालात साओ जुआंव दा मादेइरा म्हणून गाव आहे, तिथे हॅटचं संग्रहालयच आहे आणि जगभरच्या हॅटवाल्यांना लागणारं कच्चं फेल्ट तिथे अजून तयार होतं. म्हणजे लेबलवर नाव इटलीचं किंवा अमेरिकेचं असलं तरी आतलं फेल्ट अनेकदा तिसऱ्याच गावचं.

वाफाळ

उशिरा येतेय, पण या विषयावर मला बोलायचा हक्क आहे असं समजते. नागपूरला हौशी नाटकांची वेशभूषा करते, पंधराएक वर्षं झाली. राज्य नाट्य स्पर्धेसाठी एकदा १९४० च्या काळातल्या मुंबईचं नाटक होतं, सहा फेल्ट हॅट हव्या होत्या आणि सगळ्या वेशभूषेचं बजेट अकरा हजार. तेव्हा स्वस्त हॅटशी जे काय झटापट केली, त्यातून शिकलेलं सांगते.

सगळ्यात आधी माप. हॅट वाईट दिसते ती नव्वद टक्के वेळा स्वस्त आहे म्हणून नाही, मापाची नाही म्हणून. 'फ्री साइज' असं लिहिलेली हॅट म्हणजे सत्तावन्न-अठ्ठावन्न सेंटिमीटर. डोकं त्याहून मोठं असेल तर ती डोक्यावर बसत नाही, ठेवल्यासारखी राहते. काडीपेटी ज्याला फोटोग्राफर म्हणतात ना, तो हाच. शिंप्याची टेप घ्या, भुवयांच्या वर बोटभर आणि कानांच्या जरा वरून फिरवा. जरा मोठी निघाली तर चालते, घामपट्टीच्या मागे वर्तमानपत्राची पट्टी दुमडून घाला, जुनी लोकं हेच करायची. लहान निघाली तर नाद सोडा.

दुसरं, बांधलेल्या आकाराच्या मोहात पडू नका. स्वस्त हॅट कारखान्यात साच्यात दाबून येते, खाच खोल, चिमटे धारदार, कड वर वळलेली. तीच तिला खेळण्यासारखी बनवते. त्यातल्या त्यात साधी घ्या. रिबनवर पीस, साखळी, बक्कल असलं काही नको. कड सहा-सात सेंटिमीटर. दोन बोटं कड असलेल्या ज्या मिळतात, त्या भरलेल्या चेहऱ्यावर झाकणासारख्या दिसतात.

आता खरं काम. मोदकपात्रात पाणी उकळा, चाळणी काढून टाका. हॅटचा वरचा भाग वाफेवर धरा, अर्धा मिनिट, हात फिरता ठेवा. फेल्ट मऊ पडतं, ओल्या पापडासारखं. आतून मुठीने दाबून कारखान्यातली खाच पूर्ण बाहेर काढा, घुमट गोल होऊ द्या. मग परत वाफ, आणि हाताच्या कडेने वरून एकच लांबट खाच पाडा, समोर अंगठा आणि दोन बोटांनी हलके चिमटे. जोरात नाही. कणकेला मुरड घालताना जेवढा दाब देतो, तेवढाच. पुढची कड जरा खाली, मागची जरा वर. मग हात काढून घ्यायचा आणि गार होईपर्यंत शिवायचं नाही. गार झालं की तो आकार तिचा.

त्या सहा हॅटपैकी पाच जमल्या. सहावी पॉलिस्टरची निघाली, वाफेवर धरल्यावर तिला बुडबुडे आले. ती आम्ही दुसऱ्या अंकात खुंटीवर टांगली, लांबून कळलं नाही.

पाच हॅट अजून माझ्याकडे आहेत, चार प्रयोगांत वापरून झाल्या. म्हणजे स्वस्त हॅट टिकत नाही हे सरसकट खरं नाही. तिला पाऊस आणि घाम नको. नागपूरच्या जानेवारीत मजेत घालता येते, मे महिन्यात घालणाऱ्याला मी घरी बसवीन.

ऊनसावली

वाफाळताई, दंडवत. हिने तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला आणि लगेच शिवणाच्या डब्यातून टेप काढली. माझं डोकं साठ सेंटिमीटर निघालं. एवढी वर्षं 'तुला कुठलीच टोपी शोभत नाही' हे ऐकत आलो, त्याचं कारण आज कळलं.

सिडनीतला सातारकर

साठ म्हणजे अमेरिकी मापात साडेसात. परदेशी हॅटवर तसे आकडे असतात, उपयोगी पडेल.

आणि वाफाळ यांचं वाचून माझं मत थोडं बदललं. माझ्या दोन हॅट गेल्या त्या मी रोज उन्हातान्हात, घामात वापरल्या म्हणून. रोज घालायची असेल तर लवेची घ्या, पैसे साठवून घ्या. वर्षातून वीस दिवस घालायची असेल तर लोकरीची पुरे.

कपाटातली कसर

माझ्या नावावरून ओळखलं असेल. पावसाळ्याचं कुणी बोललंच नाही. हॅट वापरली नाही तरी मरते. माझ्या सासऱ्यांची तपकिरी हॅट कपाटावर होती, दोन पावसाळे. काढली तर पुढच्या बाजूला चाळणी. कसर लागली होती. आणि वर पांढरी बुरशी.

आता काही वाचवता येईल का?

वाफाळ

येईल. आधी उन्हात ब्रशने झाडा, मऊ ब्रश, एकाच दिशेने. मग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी-अळ्या मरतात. भोकं बारीक असतील तर हॅटच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूवर बारीक पॉलिशपेपर घासा, त्याच रंगाची धूळ निघते. ती कपड्यावर चालणाऱ्या डिंकात कालवून भोकात भरा. हातभर अंतरावरून दिसत नाही.

यापुढे जुलै-ऑगस्टात कपाटावर नको. डब्यात, उलटी, म्हणजे घुमट खाली आणि कड वर. कडेवर बसवली की कड सपाट होते. सोबत डांबरगोळ्या कापडात बांधून, हॅटला चिकटू न देता.

शाकाहारी वाघ

एक शंका. फेडोरा हे नाव कुठून आलं? रशियन वाटतं.

खेडकर

नाव रशियन, गोष्ट फ्रेंच. १८८२ साली पॅरिसमध्ये सार्दूचं 'फेदोरा' नावाचं नाटक आलं, नायिका रशियन राजकन्या, काम सारा बर्नहार्टचं. त्यात तिने घातलेल्या हॅटवरून नाव पडलं. आधी ती बायकांचीच फॅशन होती, पुरुषांनी नंतर उचलली.

पावसाळी बेडूक

मग माझी हॅट परत करा.

ऊनसावली

पचमढीहून परतलो. हिशोब देतो.

साठ मापाची, लोकरीची, साधी काळपट हिरवी मिळाली, १३५० रुपयांना. आल्या आल्या तंतू जाळून पाहिला. केसांचाच वास. घरभर पसरला, आईने विचारलं काय जळतंय, मी म्हटलं हॅट. त्यापुढचं संभाषण इथे देत नाही.

मोदकपात्र वापरायला परवानगी मिळाली नाही. इडलीपात्रावर केली. पहिल्या वेळी खाच तिरकी पडली, एका बाजूला कललेली. पुन्हा वाफ देऊन सरळ केली, दुसऱ्या वेळी जमली. डाव्या चिमट्यात अंगठ्याचा ठसा राहिलाय, तो राहू दिला.

धूपगडावर सूर्यास्ताला गेलो तर वारा असा की पहिल्या मिनिटात उडाली. एका चहावाल्याने पायाने अडवली, झटकून दिली आणि स्वतःची माकडटोपी दाखवून म्हणाला, "साहब, यह नहीं उड़ती." बाकी चारही दिवस डोकं गरम राहिलं. पर्वतीवर मात्र घालणार नाही, तिथे सुतीच. काडीपेटींचं तेवढं ऐकतो.

काडीपेटी

फोटो?

ऊनसावली

हिने काढलाय. कडेची सावली अशी पडलीय की नाकाच्या वरचं काही दिसत नाही. हिच्या मते आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो.

कपाटातली कसर

भोकं बुजली! सासरे आज हॅट घालून बँकेत गेले.

गवती चहा

वाचनमात्र होते, आता विचारते. माझं डोकं त्रेपन्न. फ्री साइज खाली भुवयांवर येते. वर्तमानपत्र किती घालू?

वाफाळ

त्रेपन्नाला वर्तमानपत्र पुरायचं नाही, अख्खी रविवार पुरवणी लागेल. मुलांच्या मापात बघा, कड थोडी रुंद असलेली. स्वस्तही पडेल.